कडी लावू नका

"एकट्या बाईला खोली देत नाही आम्ही," धर्मशाळेचा मॅनेजर रजिस्टर मिटत म्हणाला.

डोंगरावर जैन मंदिर, पायथ्याला महादेवाचं. सकाळपासून दोन्हीकडे हात जोडून झाले होते आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. महादेवाच्या भक्तनिवासातही हेच ऐकून आले होते. एवढ्या एका बाबतीत दोन्ही धर्मांचं एकमत!

"का हो? एकटी बाई काय भिंती खाते?"

"मागच्या वर्षी एकीने आतून कडी लावली," तो आवाज खाली आणून म्हणाला. "दार तोडावं लागलं. तेव्हापासून ट्रस्टचा नियम."

"मी जीव द्यायला नाही आले हो. छत्तीस वर्षं नर्स होते, परवा रिटायर झाले. घरात धाकटा भाऊ, भावजय, पुतणे. मी हॉलमध्ये झोपते. एक रात्र आपली आपण कडी लावून झोपावं म्हणून आलेय. बस्स."

"मग घरच्या कुणाचा तरी नंबर द्या. त्यांनी जबाबदारी घेतली, की देतो खोली."

धाकट्याचा नंबर मला पाठ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याचं शिक्षण, लग्न, सगळं मी नाइट ड्युट्या करून केलं. मॅनेजरने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई? तिथे?" भाऊ म्हणाला. "आम्हाला काही सांगून गेली नाही. हे बघा साहेब, उद्या काही झालं तर आमच्या गळ्यात नको. तुमचं तुम्ही बघा."

मागून भावजय म्हणाली, "कपाटाची किल्ली नेलीय का, तेवढं विचारा."

फोन बंद झाला. मॅनेजर स्वच्छ टेबल उगाच पुसायला लागला. मला रडू आलं नाही, पण लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सात नंबर घ्या," तो शेवटी म्हणाला. "माझ्या टेबलासमोरच आहे. फक्त एक करा, सिस्टर. कडी लावू नका."

मला हसूच आलं. हे तर माझंच वाक्य! वॉर्डात संडासला जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी हेच दटावायचे. एक आजोबा रोज भांडायचे, "एवढं तरी माझं मला करू दे गं, पोरी!" मी एकदाही ऐकलं नाही त्यांचं.

खोली छान होती. एक खाट, धुतलेली चादर, खिडकीतून डोंगरावरचा कळस. दाराला जाड पितळी कडी. मी ती एकदा लावून पाहिली. घट्ट बसली. बाहेर लगेच खुर्ची करकरली.

"सिस्टर?"

मी कडी काढली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून फटीत चप्पल ठेवली आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले.

"आहे हो," मी म्हटलं. "आहे."