लहरी माणसाची तक्रार

लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा बुधवारी सकाळी कामावर गेला, तो परतलाच नाही. शुक्रवारी ती दिराला घेऊन पोलीस चौकीत गेली.

"स्वभाव कसा आहे?" हवालदाराने विचारलं.

तिच्या आधी दीरच बोलला. "दादा लहरी आहे. आली लहर, केला कहर! एकदा दूध आणायला गेला, तो चार दिवस समुद्र बघून आला."

घरात हा किस्सा निघाला की सगळे हसायचे. हवालदारही हसला. कागदावर 'लहरी' लिहून त्याने पेन खाली ठेवलं. "मग येतील हो, ताई. मन भरलं की येतात अशी माणसं."

"तो शब्द खोडा."

"का? खोटा आहे?"

खोटा नव्हता, तिथेच तर ती अडली. भर दुपारी उठून भिंत निळी रंगवणारा, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला जेवायला घरी आणणारा, म्हणून तो लहरी. पण तो शब्द एकदा चिकटला की माणूस हरवत नाही, नुसता गेलेला असतो.

"साहेब, लहर आली की ते हत्यारांची पिशवी घरी टाकून जातात. या वेळी पिशवी घरात नाही. भटकायला कोणी पाने-पकडी घेऊन जातं का?"

"वहिनी, धीर धरा," दीर म्हणाला. हवालदाराने पुढच्या माणसाला हाक मारली.

ती तशीच उठून त्याच्या कंपनीत गेली. तिथल्या साहेबांनी हात झटकले. "कालपासून आला नाही. आम्हाला वाटलं, नेहमीचंच." तिने हट्टाने बुधवारच्या कामांची यादी मागून घेतली. तीन पत्ते होते. पहिल्या दोन ठिकाणी तो काम करून गेला होता. तिसरं ठिकाण होतं रिकामी झालेली ऑफिसची इमारत.

"इथं कोणी येत नाही, बाई," पहारेकरी म्हणाला.

ती ऐकेना. जिने चढत, मजल्यामजल्यावर लिफ्टच्या दाराशी हाका मारत गेली. चौथ्या मजल्यावर दार वीतभर उघडं होतं. आत काळोख. हाक मारून मारून तिचा घसा बसला. ती दाराला टेकून खाली बसली, तोच तळातून लोखंडावर लोखंड वाजलं. टण. मग पुन्हा एकदा, हळू.

अग्निशमनवाल्यांनी त्याला वर काढलं तेव्हा दुपार कलली होती. डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. पाय वाचणार नाही, हे इस्पितळात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

शुद्धीवर येताच त्याने तिचा हात घट्ट धरला. "बुधवारपासून शोधत असशील ना गं? वेडी झाली असशील."

बुधवारी तिने त्याचं ताट झाकून ठेवलं होतं, आणि सासूबाईंना हसत म्हटलं होतं, येतील.

"आज सकाळपासून," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. हात मात्र सोडला नाही.