पाण्याचा जोर

लेम्पीने पंपाचा खटका खाली ओढला, टाकीजवळचा नळ सोडला आणि तळघराच्या गार फरशीवर उकिडवी बसली. बादलीत पाणी पडू लागलं, तेही रडतखडत.

"वीज बंद केलीस ना?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून ओन्नी ओरडला. शेजारचा ओन्नी, तिच्या नवऱ्याचा, आर्वोचा, शाळेपासूनचा दोस्त. गुडघे गेल्यामुळे त्याला खाली उतरता येत नव्हतं. तोंड मात्र शाबूत होतं.

"केली. नसेल केली तर किंकाळी ऐकू येईलच तुला."

"असं नको गं बाई. मग मला कॉफी कोण देणार?"

ती हसली नाही. हसायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि तिची सगळी ताकद आर्वोला उठवण्या-बसवण्यातच संपत होती. पानगळीत त्याला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू लुळी आणि वाचा बंद. तोवर दर शनिवारी दोघं अंगणातल्या सौनात, लाकडी वाफघरात, बसायची, घाम काढायची, लाकडी बादलीतलं पाणी अंगावर ओतून घ्यायची. आता बर्फातून तिथवर त्याला नेणार कोण? राहिला घरातला शॉवर. त्याची धार म्हणजे करंगळीएवढी. साबण निघता निघत नसे, आर्वो कुडकुडायचा, घाबरायचा, हात झाडायचा. मागच्या खेपेला त्याने ढकललं तेव्हा तिचं कोपर भिंतीवर आपटलं होतं. अजून काळंनिळं होतं.

ते डायेनला, मुलीला, फोनवर सांगितलं हीच चूक झाली.

"आई, आता पुरे. बाबांना तू कोण तेसुद्धा कळत नाही. रविवारी मी येते, सोमवारी त्यांना वृद्धांच्या केंद्रात पोचवू."

"आणि अंघोळ नीट जमली तर?"

"जमली तर बघू," डायेन म्हणाली.

आज शनिवार होता.

टाकी रिकामी झाली. लेम्पीने सायकलचा पंप जोडला आणि टाकीत हवा भरू लागली. दहा-बारा वेळा दांडा दाबला की थांबायची, दम घ्यायची, पुन्हा दाबायची.

"आधी हवा, मग नट," ओन्नी वरून म्हणाला. "पंप चालू-बंद करणाऱ्या डबीतल्या मोठ्या स्प्रिंगवरचा. उजवीकडे फिरव. पण बेताने हं! जुने पाइप आहेत, फुटले तर आर्वो मला जिवंत सोडायचा नाही."

"तो काय करणार आहे तुला आता?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

पाण्याचा जोर ठरवणाऱ्या या नटाला आर्वोने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. जोर वाढव रे, म्हणून तिने जन्मभर भुणभुण केली. त्याचं एकच उत्तर, "अंघोळीला सौना आहे. नळाला जोर कशाला हवा? पंप जळेल." घरात कुठेही पाणी चालू राहिलं की थोड्या वेळाने तळघरात टक् व्हायचं, पंप घरघरायला लागायचा, आणि आर्वो असेल तिथून, ताटावरून, झोपेतूनसुद्धा, नळ बंद कर म्हणून हाक मारायचा. त्या हाकेचा तिला अस्सा राग यायचा! मुद्दाम भांडी घासत बसायची ती, नळ सोडून.

तिने पाना लावला. नट गंजून बसला होता. दोन्ही हातांनी रेटला, कोपरातून कळ गेली, तेव्हा कुठे तो हलला. डबीचं झाकण लावून, टाकीजवळचा नळ बंद करून तिने खटका वर केला. दाबाचा काटा चढत गेला, साठावर थांबला. टक्. पंप गप्प झाला.

"फुटलं का काही?"

"माझी कंबर," ती म्हणाली. "चल, त्याला उचलायला हात लाव."

दोघांनी मिळून आर्वोला शॉवरखालच्या खुर्चीत बसवलं. ओन्नी बाहेर जाऊन दाराशी उभा राहिला. लेम्पीने आर्वोच्या डोक्याला साबण लावला आणि कोमट पाणी सोडलं. धार अशी जोरात आली की तीच दचकली. आता हा हात झाडणार, म्हणून तिने दुखरं कोपर पोटाशी धरलं.

आर्वोने हात झाडला नाही. मान वर केली, डोळे मिटले आणि पाणी तोंडावर घेत राहिला, सौनात घ्यायचा तसं. ऊब कपाळावरून छातीवर उतरली. लेम्पी बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण रडायलाही ती फार थकली होती.

तेवढ्यात खालून आवाज आला. टक्. पंप घरघरू लागला.

आर्वोने डोळे उघडले. कपाळाला आठी पडली. ओठ वाकडे झाले, थरथरले, कुठूनतरी शब्द ओढून आणल्यागत.

"लेम्पी," तो म्हणाला. "नळ."

दाराबाहेरून ओन्नीने आत डोकावलं.

जन्मात पहिल्यांदा तिने त्याच्या एका हाकेसरशी नळ बंद केला. साबण अजून त्याच्या कानामागे होता. खाली पंप थोडा वेळ घरघरला, टक् होऊन थांबला. आर्वोची आठी गेली. तो पुन्हा नुसता समोर बघत बसला.

लेम्पीने हात पुसला. मग नळ पुन्हा पूर्ण सोडला, आणि खाली टक् व्हायची वाट बघत उभी राहिली.