दोघांच्याही डोक्यावर तुरा

लिफ्टचा मिस्त्री डाव्या कानाने ठार बहिरा होता. वीस वर्षं इमारतींच्या माथ्यावर, मोटारींच्या घरघराटात काढली, त्याचं हे बक्षीस. घरच्यांना ठाऊक होतं. बाहेर कुणाला कळू नये म्हणून ऐकू आलं नाही की तो हसून मान डोलवायचा. या डोलवण्यापायी त्याने एकदा शेजाऱ्यांची दोन मांजरं महिनाभर सांभाळली होती.

तो चव्वेचाळिसाचा झाला तेव्हा वहिनीने त्याचं लग्न मनावर घेतलं. तिच्या मैत्रिणीची धाकटी बहीण तळ्यावर पाणपक्ष्यांची मोजणी करायची. "रविवारी सकाळी जाऊन भेटा भावजी," वहिनी म्हणाली. "आणि कानाचं एवढ्यात काढू नका. आधी छाप पडू दे." भावाने आपला कोट दिला. तो खांद्यात काचत होता, पण दिसायला झकास.

तळ्याकाठी पक्षी बघायला एक लाकडी खोपटं होतं. आत बाक, समोर आडवी खिडकी आणि तिपाईवर दुर्बीण. ती बाई बसली ती नेमकी त्याच्या डावीकडे. मुळातच हळू बोलणारी, त्यात पक्षी बिचकू नयेत म्हणून आणखी हळू. मिस्त्रीने मग स्वतःच तोंड उघडलं. चाळीस मजल्यांची इमारत, एका दिवसात बदललेले दोर, लिफ्टमध्ये अडकलेले महापौर. महापौर बाहेर निघतात न निघतात तोच तिने काहीतरी विचारलं. मिस्त्रीने हसून मान डोलवली.

तिचा चेहरा पडला. तिने दुर्बीण त्याच्याकडे सरकवली. आत बघतो तर नुसतं धुकं.

"वा! काय रंग आहेत!" मिस्त्री म्हणाला.

ती दुर्बीण परत घेऊन मोजत बसली. सगळं मुसळ केरात गेलं हे कळायला कान लागत नाहीत.

तेवढ्यात ती न राहवून जरा मोठ्याने म्हणाली, "बघा, बघा, सुरू झालं!"

काठाजवळ तुरेवाले दोन पक्षी समोरासमोर आले होते. एकाने मान झटकली, दुसऱ्यानेही झटकली. दोघांनी बुडी मारली. वर आले तेव्हा दोघांच्या चोचीत पाणवनस्पतींचा झुबका होता. मग छातीला छाती भिडवून, पाण्यावर ताठ उभे राहून, दोघं डुलायला लागले.

"यातला नर कुठला?" मिस्त्रीने विचारलं.

"एवढ्यावरून मलाही सांगता यायचं नाही," ती आता त्याच्याकडे वळून बोलत होती. "मोराचं वेगळं. त्याने नाचायचं आणि लांडोरीने पारखायचं. इथे तुरा दोघांना, नाच दोघांचा. एकाने केलं की दुसऱ्याने तेच करायचं. नाहीतर जमत नाही."

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाला. "मघाशी तुम्ही काय विचारलंत, मला कळलंच नाही. मी नुसती मान हलवली."

ती तोंडावर हात धरून हसत सुटली. "मी विचारलं होतं, तुम्हाला इथे जबरदस्तीने पाठवलंय का?"

"अहो, नाही!" मिस्त्री इतक्या जोरात ओरडला, की अर्धं तळं उडून गेलं आणि सकाळपासूनची मोजणी पाण्यात गेली.

तिने पिशवीतून जाड भिंगांचा चष्मा काढला. "ताई म्हणाली, पहिल्या भेटीला हा नको. मग दुर्बीण माझ्या नजरेला लावून घेतली. तुम्हाला त्यातून काही दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही रंगांचं कौतुक केलंत, तेव्हा म्हटलं, हा तर पक्का थापाड्या." चष्मा चढवून तिने त्याला नीट न्याहाळलं. "वाटलं त्याहून वयस्कर आहात."

"आणि?"

"आणि हा कोट तुमचा नाही."

मिस्त्रीने कोट काढून खुंटीला अडकवला. ती उठून त्याच्या उजवीकडे येऊन बसली. उडालेले पक्षी हळूहळू परतले, तशी मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. ती आकडे सांगायची, तो लिहायचा. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिने वही मिटली.

"पुढच्या रविवारी पलीकडचा काठ आहे. नेहमीचा नावाडी सुटीवर आहे. तुम्हाला वल्हवता येतं?"

"अजिबात नाही."

"मलाही नाही. नऊला या."

त्या रविवारी त्यांची होडी पहिला अर्धा तास जागच्या जागी गरगरत राहिली. मग कधीतरी दोघांचे हात एका तालात पडले आणि दुपार व्हायच्या आत ती पलीकडच्या काठाला लागली.