सामींचं मनगट

कार्तिकात तुळजाजीने शबरीमलाच्या अय्यप्पाच्या व्रताची माळ घातली आणि घर निश्चिंत झालं. तुळजाजी माझा धाकटा भाऊ, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दाढी वाढलेली, जेवण एकवेळचं, चटईवर झोप, बोलणं जवळजवळ नाही. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत असे पाच-सहा जण होते, काळी वेष्टी नेसलेले, अनवाणी.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्राण्याला विचारता येत नाही, म्हणून नुसतं पाहायचं आणि तारीख घालून लिहायचं. दाढी, उपास, अबोला हे सगळं माळेच्या तीन आठवडे आधीपासून होतं. व्रतात दोन वेळा आंघोळ लागते. त्याचा टॉवेल चार दिवस कोरडा होता. रात्री चटईवर तो जागाच असायचा, अंगठ्याने बोटांची कातडी सोलत बसायचा.

“अम्मा, हे व्रत नाही.”

“सामींना काही बोलू नको.” माळ घातली की आईही मुलाला नावाने हाक मारत नाही, ‘सामी’ म्हणते. “तुझे बेडूक कॉलेजात ठेव, भवानी.”

मंगळवारी त्याने घड्याळ शेजारच्या मुरलीला देऊन टाकलं. कॅमेराही. संध्याकाळी कित्येक दिवसांनी हसला, कॉफी मागितली.

“वैराग्य आलं बघ,” अम्माने डोळे पुसले.

महिनाभर झोप नसलेला माणूस एका दिवसात इतका निवांत कशाने होतो, हे मला कळेना. भीती मात्र वाटली.

त्याच संध्याकाळी माझी पाळी आली. माळेच्या घरात त्या दिवसांत सामींच्या नजरेसही पडायचं नाही. अम्माने मला मागच्या खोलीत बसवलं, ताट दाराशी ठेवलं. शिकलेली बाई मी, आणि बसले.

बुधवारी दुपारी दाराबाहेरून तो म्हणाला, “अक्का, माझी पुस्तकं तुझ्या लायब्ररीला दे.”

मी दार उघडलं.

“तुळजा, मरावंसं वाटतं का तुला?”

त्याचा अंगठा थांबला. “हो, अक्का.”

प्रश्न मी किती दिवस घोळवला होता. उत्तराची तयारी केलीच नव्हती. मी त्याचं मनगट धरलं.

“शिवू नको, व्रत मोडेल,” अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“अम्मा, डॉक्टरांना फोन लाव.”

ती हलली नाही. माझ्या बोटांकडे बघत राहिली.

फोन हॉलमध्ये होता, आठ-दहा पावलांवर. तुळजा जागचा हलत नव्हता; तिथे जायचं तर मनगट सोडावं लागलं असतं.