छगन फिटरचं प्रभुभोजन

मोतीलालनानांना माफ करायला मी तयार आहे, असं मी चर्चच्या पाळकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांचा चहा तसाच निवून गेला. भूषण अमोलिक त्यांचं नाव. वयानं माझ्या भाच्याएवढे, भुसावळला नवीन, आणि मंडळीतली भांडणं मिटवायची त्यांना भारी हौस. मला त्यांचं थोडं वाईटच वाटलं, कारण मी धादांत खोटं बोलत होते.

माफ करायला मी काय संत लागून गेले? मी कोकिळा, रेल्वे दवाखान्यातली निवृत्त नर्स. छगन फिटरची मुलगी. आमच्या आजोबांनी धर्म बदलला, नावं मात्र बदलली नाहीत, आणि स्वभाव तर मुळीच नाही.

आमचं सेंट क्रिस्पिन चर्च रेल्वेच्या साहेबांनी बांधलं. पुढच्या बाकांवर गोरे ड्रायव्हर आणि गार्ड त्यांच्या मडमांसकट बसायचे, आमची माणसं दाराजवळ उभी राहायची. साहेब गेले, बाक आमच्या वाट्याला आले, आणि दाराजवळ कुणाला उभं करायचं हे मग आमच्यातलेच ठरवायला लागले. त्यात सगळ्यात पुढे मोतीलालनाना. कमिटीचे सेक्रेटरी. पाळक आले, पाळक गेले, नाना जागेवर.

साहेबांनी मागे ठेवलेल्या वस्तूंत एक पितळी गरुड होता. छातीइतका उंच, पंख पसरलेला. त्या पंखांवर बायबल ठेवून वाचायचं. माझे बाबा लोको शेडमध्ये फिटर, पण शनिवारची दुपार चर्चची. ते त्या गरुडाला चिंच लावून घासायचे, आणि त्याच्या उजव्या पायाचं एक नख तुटलेलं होतं तिथे त्यांचा फडका दर वेळी अडकायचा. चर्चच्या चाव्या दोघांकडे असत. एक बाबांकडे, कारण दार तेच उघडायचे, आणि एक नानांकडे, कारण ते नाना होते.

एका रविवारी बाबांनी दार उघडलं तर गरुड नव्हता.

नाना पोलिसांत गेले नाहीत. मंडळीची अब्रू जाईल म्हणाले. त्यांनी कमिटी बसवली आणि कमिटीनं ठरवलं की चोर छगनच. मग नानांनी बाबांना सगळ्यांसमोर सांगितलं, "कबूल कर, पश्चात्ताप कर, आणि मग प्रभुभोजनाला ये. तोवर नाही." तेव्हाच्या पाळकांनी मान डोलावली.

प्रभुभोजन म्हणजे काय, तर भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट. तेवढ्यानं कुणाचं पोट भरत नाही. पण आमच्यात त्यापासून माणसाला दूर ठेवणं म्हणजे त्याला वाळीत टाकणंच. बाबांनी न केलेली चोरी कबूल केली नाही. दर रविवारी ते यायचे, गाणी म्हणायचे, आणि बाकीचे उठून वेदीपुढच्या कठड्याकडे निघाले की एकटे खाली बघत बसायचे. एकटे म्हणजे माझी आत्या सोडून. तानुआत्या दोंडाईच्याला दिलेली, तिकडची अहिराणी बोलणारी, लवकर विधवा झालेली, आमच्याकडेच राहायची. तीही उठायची नाही. "मना भाऊ जवलोंग उपाशी, तवलोंग मीबी उपाशी," एवढंच म्हणायची.

बाबा तसेच उपाशी गेले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी पाळकांना बोलावून भाकर मागितली होती. पाळक नानांना विचारून सांगतो म्हणाले आणि फिरकलेच नाहीत. ती संध्याकाळ मी विसरलेली नाही आणि मला विसरायचीही नाही. आत्या मात्र त्यानंतरही कधी कठड्याकडे गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दवाखान्यातल्या मैत्रिणीच्या मुलीचा साखरपुडा जळगावला, मेहरूण तलावाजवळच्या एका हॉटेलात होता. आत शिरले तर काउंटरच्या बाजूला गरुड. पंखांवर बायबलऐवजी जेवणाचं मेनूकार्ड. मी वाकून उजवा पाय पाहिला. नख तुटलेलं होतं. हॉटेलचे मालक झुलालशेठ, म्हातारे, बोलघेवडे. मी कौतुक केल्यावर लगेच म्हणाले, "जुना माल आहे बाई. भुसावळच्या चर्चचे मोतीलालभाऊ, त्यांच्याकडून घेतला. त्यांनीच टेम्पोत घालून आणून दिला." मी साखरपुड्याचं जेवण न जेवता घरी आले.

आत्याला सांगितलं. तिनं निवडायचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मंग सांग ना बठ्ठास्ले. छगननं नाव धुवाई जाई."

पण सगळ्यांना सांगून नुसतं नाव धुऊन माझं भागणार नव्हतं. कमिटीत सांगितलं असतं तर कमिटी नानांचीच, पुतण्या, जावई आणि होयबा. चार दिवस कुजबूज, मग सारवासारव. मला नाना उपाशी हवे होते. बाबा बसले तसे, सगळ्यांच्या देखत, भाकरीपासून दूर.

त्याची वाट मला खुद्द पाळकांनीच दाखवली. आमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात एक नियम आहे, हल्ली कुणाच्या लक्षात नसतो. मंडळीतल्या दोघांत वैर असेल, त्यातला एक मनापासून माफ करायला तयार असेल आणि दुसरा हटून बसला असेल, तर पाळकानं तयार असलेल्याला भोजनाला घ्यावं आणि हटून बसलेल्याला घेऊ नये. पाळकांनी हे प्रवचनात ऐकवलं ते प्रेम वाढावं म्हणून. माझ्या डोक्यात लगेच दिवा लागला.

प्रभुभोजनाआधी आमच्याकडे सगळे एकमेकांशी हात मिळवतात, शांती देतात. बाबांवर आळ आल्यापासून नानांनी आमच्या बाकाला कधी हात दिलेला नाही. आमच्यापाशी आले की हात छातीशी जोडून पुढे जातात. देव टळेल, पण नानांचा ताठा टळणार नाही, अशी माझी खात्री होती. चर्चच्या वर्धापनदिनाला नाशिकहून बिशपसाहेब येणार होते. त्या दिवशी मी उठून नानांपुढे हात करणार, नाना तो घेणार नाहीत, आणि मग नियमाप्रमाणे बिशपसाहेबांच्या समोर मोतीलालनाना भाकरीवाचून बसणार. म्हणून मी पाळकांकडे जाऊन गोड तोंडानं खोटं बोलले. त्यांनीही मोठ्या आशेनं नानांना निरोप दिला की कोकिळाअक्का हात पुढे करतील, तो घ्या, नाहीतर मला तुम्हाला भोजन देता येणार नाही. नानांनी उलट निरोप धाडला, "चोराच्या पोरीची माफी मला कशाला?"

मला आनंदानं झोप लागेना. गरुडाचं मी आत्याशिवाय कुणाजवळ बोललेच नाही.

वर्धापनदिनाला चर्च भरलेलं होतं. लोकांनी ठेवणीतले कपडे घातले होते, बिशपसाहेब लाल टोपीत उकाड्यानं घामाघूम झाले होते. प्रवचनानंतर नाना काठी टेकत उभे राहिले आणि त्यांनी मंडळीचा इतिहास सांगितला. पायाचा दगड कुणी ठेवला, घंटा कुठून आली, सगळं रसाळपणे. मग म्हणाले, "आपल्याकडे एक सुंदर पितळी गरुड होता. मंडळीनं विश्वास टाकलेल्या एका सेवकाच्या बेइमानीनं तो गेला. पण आपण त्यालाही प्रार्थनेत आठवतो."

प्रार्थनेत. माझ्या शेजारी आत्या काठी टेकून उठायला लागली. मी तिला म्हटलं, "थांब आत्या, आता बघ."

पाळकांनी शांती द्यायला सांगितलं. लोक उठले, हसत हात मिळवू लागले. मी मधल्या वाटेनं सरळ पुढे गेले आणि नानांसमोर हात धरला. आजूबाजूचे हात मिळवायचे थांबले. पाळक वेदीपासून बघत होते. बिशपसाहेबही बघत होते. मी मनात म्हणत होते, जोड हात छातीशी, जोड.

नानांनी बिशपसाहेबांकडे एकदा पाहिलं, आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो, बेटी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. एक बाई डोळे पुसायला लागली. मी मूर्ख. त्या माणसाचा ताठा मी मोजला होता, पण बिशपसमोर मिरवायची त्याची हाव मोजली नव्हती. माझ्याच नियमानं त्याला मी कठड्यापर्यंत वाट करून दिली होती.

मी हात सोडला नाही. आयुष्यभर म्हाताऱ्यांच्या शिरा शोधल्या आहेत मी, मनगट कुठे धरायचं ते मला कळतं. जवळ वाकून म्हटलं, "गरुड मी पाहिलाय, नाना. मेहरूणच्या हॉटेलात. कुणी विकला, ते झुलालशेठ विचारेल त्याला सांगतात."

त्यांनी हात सोडवायला ओढला. ते पुटपुटले, "छगनचा दोष नव्हता. झालं? सोड आता."

"मोठ्यानं."

"कोकिळा, मी आता किती दिवसांचा सोबती?"

"बाबांनी मरताना भाकर मागितली होती," मी म्हटलं. "मोठ्यानं सांगा, नाहीतर मी सांगते."

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. पेटीवाल्याचं गाणंही संपलं. नाना इकडेतिकडे बघत राहिले, पुतण्याकडे, जावयाकडे, पण कुणी जागचं हललं नाही. मग ते बोलले. त्यांचा आवाज चिरका झाला होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"गरुड छगननं नेला नव्हता. मी विकला. चावी माझ्याकडे होती. आळ मी त्याच्यावर घातला."

मग ते रडायला लागले. खरे रडले की खोटे, देव जाणे. मला वाटलं होतं की आता लोक त्यांच्यावर थुंकतील. पण लोकांचे चेहरे उलट मऊ झाले. केवढं धैर्य, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. बिशपसाहेब खाली उतरून आले, त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि देव पश्चात्ताप करणाऱ्याला टाकत नाही असं सांगितलं.

पाळक माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरलेले. "अक्का, तुम्ही म्हणाला होतात की मनापासून माफ करायला तयार आहात. आता दोघं मिळून भोजनाला या."

"मी माफ केलेलं नाही," मी म्हटलं. "तेव्हाही नव्हतं."

त्यांना ते पटायला वेळ लागला. "अक्का, मग नियम..."

"नियम मला माहीत आहे, आता हटून बसलेली मी. द्या त्यांना. मला नको."

मी नानांचा हात सोडला आणि आमच्या बाकावर येऊन बसले. नाना पुतण्याच्या आधारानं कठड्याकडे गेले. माझ्या बापाला वर्षानुवर्षं जे मिळालं नाही ते त्यांना एका वाक्यात मिळत होतं. माझ्या अंगाची आग आग होत होती, आणि मी ती विझवायला बघतही नव्हते.

तेवढ्यात आत्या उठली. मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये. मी तिचा दंड धरला.

"आते आखो काय जोयजे तुले?" ती म्हणाली. "छगननं नाव धुवाई गयं, बठ्ठास्ना समोर. मना उपास सरना."

"आत्या, तो तिथेच बसलाय. उपास सोडायला त्याच्या शेजारी जाशील?"

"मी भाकरपान जास. त्यानापान नही." तिनं माझा हात दंडावरून हळूच काढला. "तू बस तुना राग लिसन."

ती काठी टेकत मधल्या वाटेनं भाकरीकडे गेली, फार हळू. लोकांनी वाट दिली. कठड्याशी नानांच्या बाजूलाच तेवढी जागा होती. तिला गुडघे टेकता येईनात, तेव्हा नानांनी रडतारडता तिला हात दिला, आणि तिनं तो घेतला. पाळकांनी आधी तिला भाकर दिली, मग त्यांना.

मी बाकावरून पाहत राहिले. बाबांचं नाव स्वच्छ झालं होतं, आणि मला त्या दोघांचाही सारखाच राग आला.