एलचीचा पानडबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. स्वभावानं संशयी. झाकणाला कोणी हात लावला, की मी आधी त्याची बोटं पाहतो. भडगावच्या तांबटानं मला ठोकून घडवलं आणि मी नथ्थूभाऊंच्या घरी आलो.

गावात नथ्थूभाऊंना सगळे 'एलची' म्हणत. एलची म्हणजे एका राजाचा निरोप दुसऱ्या राजाकडे नेणारा दूत. शाळेतले पंडित गुरुजी सांगत, हा शब्द तुर्कांकडून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. 'एल' म्हणजे मुलूख, तिथले लोक. आणि 'ची' म्हणजे त्यांचं काम पाहणारा, जसा मशाल धरणारा तो मशालची. आमच्याकडे राजे कुठले! पण दोन घरांचं बोलणं तुटलं, की नथ्थूभाऊ मला घेऊन निघत. समोरच्यानं माझ्यातलं पान उचललं तर होकार, डबा तसाच परतला तर नकार. एलचीनं मात्र त्या घरी पान खायचं नाही, ही रीत. तेव्हा मला चिंचेनं घासून लख्ख ठेवत हो!

शहाऐंशी साली बन्सीलालच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचा मामा जीवराम एरंडोलला, मानपानावरून रुसलेला. नथ्थूभाऊंनी मला त्याच्यापुढे उघडलं. जीवरामचे डोळे भरून आले. त्यानं एक पान उचललं आणि आनंदाच्या भरात दुसरं नथ्थूभाऊंच्या तोंडात कोंबलं. मला तिथेच धसका बसला.

परतल्यावर बन्सीलालनं आधी त्यांचं तोंड पाहिलं.

"लाल कसं काय? पान तूच खादं, नि माले सांगस तो येनार शे?"

"आबा, त्यानीबी खादं."

"तू आते कोना मानूस शे? आमना का त्याना?"

मी खणखणून सांगितलं असतं, पण डब्याला कोण विचारतो? बन्सीलालनं गुपचूप शेजारच्या हिलालला मामा म्हणून उभं करायचं ठरवलं.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला, आणि जीवराम साडी घेऊन मांडवात शिरला. भाचीच्या मागे हिलाल उभा होता. शेवंताबाई, मुलीची आई, "दादा, थांब ना!" म्हणत धावली. जीवरामनं साडी बहिणीच्या हातात दिली आणि मंगलाष्टकं संपायच्या आत तो निघून गेला.

त्यानंतर नथ्थूभाऊंनी कोणाचाच निरोप नेला नाही. मी फळीवर हिरवट पडलो. मित्रांनो, संशय यायला माझी हरकत नाही, मलाही येतो. पण आला तर जाऊन विचारून या. एरंडोलची बस रोज बन्सीलालच्या दारावरूनच जात होती.