माळेचं अलीकडचं टोक

अमेरिकेच्या व्हिसा कचेरीला नीरजाचं लग्न काही केल्या खरं वाटेना. नवरा सुशांत न्यू जर्सीत, ती काशीत, आणि मधे ते पत्र: पुरावे अपुरे आहेत, महिनाअखेरीपर्यंत आणखी पाठवा. लग्नाचा दाखला झाला, विमानाची तिकिटं झाली, रोजच्या फोनच्या नोंदी झाल्या. नवरा-बायकोची भांडणं तेवढी जोडायची राहिली होती. सुशांतचा वकील म्हणाला, मुलीचे वडील हयात आहेत आणि लग्नाच्या एकाही फोटोत नाहीत, हे खटकणार. त्यांचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर निभावेल, नाहीतर अर्ज बुडालाच समजा.

वडील म्हणजे बिंदुमाधवशास्त्री. शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत राहणारे, जन्मभर संस्कृत शिकवलेले, आणि स्वभावाने महा हट्टी. एकुलती एक लेक सातासमुद्रापार देणार नाही म्हणाले, ते लग्नाला आलेच नाहीत. कन्यादान काकांनी केलं.

"बाबा, दस्तखतच तर करायचं आहे," नीरजा म्हणाली.

"काय लिहून दस्तखत करू? लग्न डोळ्यांनी पाहिलं म्हणून? मी नव्हतो तिथे. खोटं लिहिणार नाही."

"मग मी काय जन्मभर इथेच बसू?"

त्यांनी उपरणं झटकलं आणि संध्येला बसले. नीरजाला रडू फुटलं. पण हट्टाच्या बाबतीत ती बापाचीच लेक होती. डोळे पुसून तिने मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहिलं, "हमारी आर-पार की माला के फोटो किसी के पास हों तो प्लीज भेजिए."

पोरीचं लग्न होऊ दे, गंगेला आर-पार माळ वाहीन, असा नवस तिच्या आईने, इंदूने, बोलला होता. काशीत असा नवस बोलतात. फुलांच्या माळेचं एक टोक घाटावर राहतं आणि नावेत बसून ती सोडत सोडत थेट पलीकडच्या वाळूपर्यंत जायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजा आणि सुशांत तसे गेले होते.

फोटो येऊ लागले. शेजारच्या इरावतीमावशींनी गच्चीवरून काढलेला एक तिने उघडला आणि ती बघतच राहिली. त्या दिवशी माळ सोडण्याच्या नादात तिने मागे वळून पाहिलंच नव्हतं. एवढी रुंद गंगा, आणि या काठापासून त्या काठापर्यंत झेंडूची ती एक पिवळी रेघ! हे आपल्यासाठी झालं होतं? तिच्या अंगावर काटा आला. रेघेवरून बोट सरकवत ती फोटोतल्या घाटापाशी आली. पायऱ्यांच्या खाली, कमरेएवढ्या पाण्यात, माळेचा दोर दोन्ही हातांनी धरून कोणीतरी पाठमोरं उभं होतं. उजवा खांदा किंचित पडलेला. तो खांदा ती जन्मापासून ओळखत होती.

"आई, दोर तर तू घाटावरच्या लोखंडी कड्याला बांधला होतास ना?"

इंदूने फोटो पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला. "बांधला होता गं. तुम्ही मधोमध गेलात आणि गाठच सुटली. मी ओरडले, तर हे माझ्या मागूनच पाण्यात उतरले. केव्हापासून तिथे उभे होते, देव जाणे. वर मलाच दम, पोरीला सांगायचं नाही म्हणून."

नीरजाने फोटो पुन्हा पाहिला. वारा होता, मोटरबोटी जात होत्या, पाण्याची ओढ तर विचारूच नका. तो सगळा ताण सत्तरीच्या दोन हातांनी पेलला होता, आणि तिला नावेत साधा हिसकासुद्धा जाणवला नव्हता. बापावरचा इतक्या दिवसांचा राग कुठे गेला, तिचं तिलाच कळलं नाही.

तिने फोन नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. बिंदुमाधवशास्त्रींनी चष्मा चढवला. फोटो नीट न्याहाळला.

"पेन दे," शेवटी म्हणाले. "मी मराठीतच लिहिणार. इंग्रजी तुझं तू कर."

ती त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. जावई हा शब्द त्यांनी आज पहिल्यांदाच वापरला होता.

"विवाहविधीला मी हजर नव्हतो. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी आणि जावई गंगा ओलांडत असताना माळेचं अलीकडचं टोक मी धरलं होतं. दोघं पैलतीरावर सुखरूप उतरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मगच दोर सोडला."